किराअत, नात, बैतबाजी: मुस्लिम आंतरशालेय स्पर्धेच्या पत्रकातले शब्द

प्रश्न रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका मराठी शाळेच्या बाईंचा आहे. त्यांची शाळा यंदा पहिल्यांदाच मुस्लिम आंतरशालेय स्पर्धेत सात मुलं उतरवते आहे. प्रकार आहेत किराअत, हिफ्ज, नात, तकरीर, बैतबाजी आणि सीरतवरची प्रश्नमंजूषा. पत्रक उर्दूत आलं, बाईंनी कुणाकडून तरी वाचून घेतलं. तरी तजवीद, मखरज, लहन, वक्फ, तरन्नुम हे शब्द तसेच राहिले. त्या लिहितात, "मी हिंदू आहे, त्यामुळे मौलवींना विचारायलाही संकोच वाटतो. मुलांना काय सांगू?"

बाई, संकोच आधी सोडा. या स्पर्धांच्या परीक्षकांच्या खुर्चीत मी वीसेक वर्षं बसतोय. मशिदीच्या सावलीत वाढलेल्या मुलांनाही यातले निम्मे शब्द कळत नाहीत. मूल सुंदर पढतं, खाली उतरतं, गुणपत्रकावर "लहन-ए-जली, २" असं लिहिलेलं असतं, आणि ते काय आहे हे मुलाला ठाऊक नसतं, आणायला आलेल्या मामांनाही नसतं. म्हणून मी अर्थांची यादी देत नाही. कुठला शब्द आला की कुठे गुण जातात, तेवढं सांगतो. आणि आपली मराठी जीभ कुठे आडवी येते तेही, कारण उर्दू शाळेतून आलेले परीक्षक ते तुम्हाला सांगणार नाहीत.

आधी तीन शब्द वेगळे करा: नाज़िरा, हिफ्ज, किराअत. नाज़िरा म्हणजे कुरआन समोर धरून, बघून पढणं. हिफ्ज म्हणजे पाठ. किराअत किंवा हुस्न-ए-किराअत म्हणजे थोडकाच भाग, पण उच्चाराचे सगळे नियम पाळून, सुरात. दरवर्षी एखादी शाळा हिफ्ज गटात नाव देते आणि मूल कुरआन हातात घेऊन मंचावर येतं. नावं देताना हे एकदा पडताळून पाहा.

पत्रकात "रिवायत-ए-हफ्स" असं असेल तर घाबरू नका. कुरआन पढण्याच्या मान्य पद्धती एकाहून जास्त आहेत, प्रत्येक पद्धत एका इमामाच्या आणि त्याच्या शिष्याच्या नावाने ओळखली जाते. आपल्याकडे घरोघरी जी पढतात ती कूफा शहरातल्या इमाम आसिम यांची, त्यांचे शिष्य हफ्स यांच्याकडून आलेली. म्हणजे तुमची मुलं आधीपासून हफ्सच पढतात. मग सांगायचं कारण काय, तर मोबाइल. माझ्याकडे शिकणारी एक मुलगी उत्तर आफ्रिकेतल्या एका कारींचं (किराअत पढणाऱ्यांचं) ध्वनिमुद्रण ऐकून तयार झाली होती. तिकडे वर्श यांची रिवायत चालते, तिच्यात फातिहामध्ये, म्हणजे कुरआनच्या पहिल्या अध्यायात, "मालिकि"च्या जागी "मलिकि" असं पढतात. तिकडे ते बरोबर, आपल्या मंचावर चूक धरली गेली. पोरगी रडली आणि परीक्षकांवर मीही चिडलो, पण नियम त्यांच्या बाजूने होता.

आता मुख्य शब्द, तजवीद. मूळ अर्थ एखादी गोष्ट नीट, उत्तम करणं. व्यवहारात अर्थ असा की प्रत्येक अक्षराला त्याचा हक्क द्यायचा: ते जिथून निघतं तिथून काढायचं, जेवढं लांबवायचं तेवढंच लांबवायचं. तजवीद चुकली की जी चूक होते तिला लहन म्हणतात. गंमत अशी की अरबीत लहन म्हणजे चूक आणि लहन म्हणजे चालही. चालीच्या नादात चूक होते, हे त्या भाषेलाच ठाऊक असावं.

लहन दोन प्रकारचं. लहन-ए-जली म्हणजे उघड चूक: अक्षर बदललं, गळलं, वाढलं किंवा काना-वेलांटी बदलली. उदाहरण नेहमीचंच, पण ऐकलं की मुलं विसरत नाहीत. घशाकडच्या क़ाफने "क़ल्ब" म्हटलं तर हृदय, साध्या काफने "कल्ब" म्हटलं तर कुत्रा. "क़ुल" म्हणजे सांग, "कुल" म्हणजे खा. दुसरी लहन-ए-खफी, म्हणजे छुपी चूक: अर्थ बदलत नाही, पण गुन्ना (नाकातला नाद) राहिला, मद (स्वर लांबवणं) आखूड झाला. जलीला गुण मोठे कापतात, खफीला थोडे. किती ते प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, आयोजकांना आधीच विचारा, सांगतात.

मखरज म्हणजे अक्षर निघण्याची जागा, अनेकवचन मखारिज. घसा, जीभ, ओठ, तोंडाची पोकळी आणि नाकाचा वरचा भाग असे पाच प्रदेश, त्यांत मिळून सतरा जागा मानतात. सतरा पाठ करण्यात मुलांचा वेळ घालवू नका. मराठी मुलं कुठे घसरतात तेवढं धरा.

पहिली घसरगुंडी म्हणजे आपला दंतमूलीय ज. "जरा", "जावई" म्हणताना आपण जो ज काढतो तो द आणि ज़ यांच्या मिश्रणासारखा आहे. मराठी मूल अरबी "ज़े"च्या जागी हाच ज काढतं. ज़ेमध्ये अडवणूक नाही, नुसती मधमाशीसारखी गुणगुण आहे. त्यात अरबीत आपल्या कानाला ज़ वाटणारी अक्षरं चार: ज़ाल, ज़े, ज़्वाद, ज़ो. ज़ाल आणि ज़ोला जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांच्या कडेला लागतं, बाहेरून किंचित दिसतंही. ज़्वादला जिभेची बाजू वरच्या दाढांना लागते. तो खरंच अवघड आहे, मोठमोठ्यांचा चुकतो. स वाटणारी अक्षरं तीन, ह वाटणारी दोन. म्हणून देवनागरीत छापलेला कुरआन पाठांतराला आधार म्हणून ठीक, पण त्यावरून तयारी केलेलं मूल मला दोन आयतींत (कुरआनच्या वचनांत) ओळखू येतं.

दुसरी घसरगुंडी लक्षात यायला मला स्वतःला बरीच वर्षं लागली. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार-उकार आपण दीर्घच लिहितो आणि दीर्घच बोलतो: कवी, गुरू. आणि शेवटचा अ खाऊन टाकतो: राम लिहितो, राम् म्हणतो. ही सवय फातिहात नेली की "नअबुदु"चं "नअबुदू" होतं आणि "इय्याक"मधल्या शेवटच्या अकाराचं काय करावं ते कळत नाही, कुणी "इय्याक्" म्हणतं, कुणी "इय्याका". दोन्ही जली चुका, आणि मुलाला वाटतं आपण तर अगदी बरोबर म्हटलं. यासाठी मराठीच्या बाईच कामाच्या. वृत्त शिकवताना तुम्ही लघु एक मात्रा, गुरू दोन मात्रा मोजायला शिकवता ना? तेच मोजायला लावा. अरबीत त्या मात्रेला हरकत म्हणतात.

हरकत कळली की मद कळतोच. मद म्हणजे स्वर लांबवणं. मद-ए-असली दोन हरकती, म्हणजे आपला साधा दीर्घ. त्यापुढचे मद चार, पाच, सहा हरकतींपर्यंत जातात. फातिहाच्या शेवटच्या शब्दात, "वलज़्ज़ाल्लीन"मध्ये, "ज़्ज़ा"वर सहा हरकतींचा मद-ए-लाज़िम आहे. तिथे मूल घाईत निघून गेलं की सगळ्या सभागृहाला कळतं. मद-ए-मुत्तसिल (दीर्घ स्वरानंतर त्याच शब्दात हमज़ा) आणि मुनफसिल (हमज़ा पुढच्या शब्दात) चार की पाच, यात मुभा आहे, पण एकदा चार धरले की शेवटपर्यंत चार. एका आयतीत चार, पुढच्या आयतीत श्वास शिल्लक आहे म्हणून सहा, असं झालं की पेन्सिल चालते. आयतीच्या शेवटी थांबताना जो मद येतो तो दोन, चार किंवा सहा, तिथेही सगळीकडे एकच माप.

आता अनुस्वार. नून-साकिन (स्वर नसलेला न्) आणि तनवीन (शब्दाच्या शेवटी उच्चारात येणारा न्) यांचे चार नियम पत्रकात असतीलच: इज़हार, इदगाम, इक़्लाब, इख़्फ़ा. पुढे कुठलं अक्षर येतं त्यावर न् चा उच्चार ठरतो. अट्ठावीस अक्षरांपैकी घशातली सहा इज़हारची, म्हणजे न् स्पष्ट. सहा इदगामची, न् पुढच्या अक्षरात विरघळतो. फक्त एक, बे, इक़्लाबचं. आणि उरलेली पंधरा इख़्फ़ाची. इक़्लाब मराठी मुलाला शिकवावा लागत नाही. "अंबा" लिहून आपण "अम्बा" म्हणतोच, बच्या आधी न् चा म् होतो, तेच हे. इख़्फ़ामध्ये मात्र हीच सवय घात करते. "अंत" म्हणताना आपली जीभ दातामागे टेकते, अख्खा न् होतो. इख़्फ़ामध्ये जीभ टेकवायची नाही, नुसता नाकातला नाद दोन हरकती धरायचा आणि पुढच्या अक्षरावर उतरायचं. त्या नादालाच गुन्ना म्हणतात. सूरह (अध्याय) नास यासाठी सुंदर आहे, तिच्या प्रत्येक आयतीच्या शेवटी "न्नास" येतो आणि प्रत्येक वेळी गुन्ना येतो.

क़लक़ला हा मुलांचा आवडता शब्द. क़ाफ, तो, बे, जीम, दाल या पाच अक्षरांवर थांबलं की हलका धक्का देऊन सोडायचं. सूरह इख्लासच्या चारही आयती दालवर संपतात, सूरह फलकच्या पाचही आयती क़ाफ, बे किंवा दालवर. पण "अहद"चं "अहदा" झालं तर धक्क्याच्या जागी नवा स्वरच तयार होतो. मंचावरच्या जोशात हे फार होतं.

वक्फ म्हणजे थांबणं, इब्तिदा म्हणजे पुन्हा सुरू करणं. माझ्या मते खरी परीक्षा इथेच होते. कुठे थांबलात यावरून अर्थ कळतो की नाही ते दिसतं. सूरह निसामध्ये नशेत असताना नमाजेजवळ जाऊ नका असं आहे. श्वास संपला म्हणून कुणी "नमाजेजवळ जाऊ नका" इथेच थांबला तर काय ऐकू येईल ते पाहा. उर्दूत अर्धवट उद्धृत करणाऱ्याला हेच उदाहरण तोंडावर मारतात. आपल्याकडच्या छापील कुरआनात थांबण्याच्या खुणा ओळीच्या वर बारीक अक्षरांत असतात: मीम म्हणजे थांबायलाच हवं, तो म्हणजे थांबणं चांगलं, जीम म्हणजे थांबलात तरी चालेल, ला म्हणजे थांबू नका. मदिना छापात आणि मोबाइलवरच्या बऱ्याच प्रतींत खुणा वेगळ्या असतात. मुलाने शाळेत एक आणि घरी दुसरी प्रत वापरली की घोळ होतो. एकच प्रत ठेवा. मध्येच श्वास तुटला तर दोन-तीन शब्द मागे जाऊन उचलायचं, त्याला गुण जात नाहीत किंवा अगदी थोडे जातात. शब्दाच्या पोटात चोरून श्वास घेतला तर नक्की जातात.

सकता म्हणजे श्वास न घेता क्षणभर थबकणं. हफ्सच्या रिवायतीत अशा चारच जागा: सूरह कहफ, यासीन, क़ियामह आणि मुतफ्फिफीनमध्ये. यासीन निवडणारी मुलं पुष्कळ, म्हणून बावन्नाव्या आयतीतला सकता आधी गिरवून घ्या.

सजद्याची आयत हा जाता जाता सांगण्याचा मुद्दा. काही आयती पढल्या की सजदा, म्हणजे कपाळ जमिनीला टेकून नमन, करायचा असतो. कोकणातले मुसलमान बहुतेक शाफई, घाटावरचे हनफी, म्हणजे धर्मनियमांच्या दोन वेगळ्या परंपरांचे. दोघांकडे अशा जागा चौदाच, पण त्याच चौदा नव्हेत, एका-दोन ठिकाणी फरक आहे. मंचावर गोंधळ नको म्हणून स्पर्धेसाठी अशी आयत असलेला भाग निवडूच नये.

सुराबद्दल लोक मला सगळ्यात जास्त विचारतात, आणि त्यावर सांगण्यासारखं सगळ्यात कमी आहे. लहजा म्हणजे पढण्याचा ढंग. मक़ाम म्हणजे अरबी रागच म्हणा: बयाती, हिजाज़, रास्त, नहावंद, सबा. मोठ्या गटात परीक्षक मक़ाम बघतात, शाळेच्या गटात तो आपसूक आला तर ठीक. मिसरच्या (इजिप्तच्या) अब्दुल बासित यांची नक्कल करत एका श्वासात तीन आयती ओढणारी मुलं दर वर्षी येतात. श्वास अब्दुल बासितांचा नसतो, मग शेवटची अक्षरं गिळली जातात. लहान मुलांना त्यांच्याच देशाचे महमूद खलील अल-हुसरी ऐकवा. संथ, स्वच्छ, एकही अक्षर न गिळता. कंटाळतील, पण फायदा होईल.

हिफ्ज गटाचे शब्द वेगळे. परीक्षक एक तुकडा म्हणतात आणि "आगे पढिए" असं सांगतात. मूल अडलं की पुढचा शब्द सांगतात, त्याला लुकमा म्हणतात. शब्दशः घास. किती लुकमे घेतले याची मोजणी होते. आणि मुतशाबिहात म्हणजे एकमेकींसारख्या दिसणाऱ्या आयती, एका सूरहमधून दुसरीत कधी गेलो ते कळतच नाही. सूरह रहमानमध्ये एकच आयत ३१ वेळा येते, एकूण आयती ७८. मधली आयत गळली की पुढचं सगळं सरकतं. मदरशात सबक म्हणजे आजचा नवा धडा, आमोख्ता म्हणजे जुन्याची उजळणी. स्पर्धेआधीच्या पंधरवड्यात सबक बंद करून फक्त आमोख्ता ठेवा, असं मुलांच्या उस्तादांना माझ्या वतीने सांगा. बहुधा तेही हेच म्हणतील.

नातच्या बाबतीत एकच गोष्ट घट्ट धरा. अल्लाहची स्तुती ती हम्द, पैगंबरांची ती नात, हज़रत अली किंवा वलींची (संतांची) ती मनक़बत. नात गटात हम्द म्हटली की चांगला आवाजही बाद होतो. तरन्नुम म्हणजे चालीवर, तहतुल्लफ्ज़ म्हणजे चालीशिवाय, नुसत्या उच्चाराच्या वजनावर. नात "गातात" असं म्हणत नाहीत, पढतात. वाद्य चालत नाही आणि सिनेमाच्या गाण्याची चाल ओळखू आली तर परीक्षकांचा चेहरा बघण्यासारखा होतो. नातला टाळ्या नसतात, श्रोते "सुबहानल्लाह" म्हणतात. टाळ्या पडल्या नाहीत म्हणून मूल खचायला नको, हे आधी सांगून ठेवा.

तकरीर म्हणजे वक्तृत्व, फिलबदीह तकरीर म्हणजे आयत्या वेळी विषय देऊन. मवाद म्हणजे मजकूर, तलफ्फुज़ म्हणजे उच्चार, अंदाज़-ए-बयान म्हणजे मांडणीची ढब. यातलं तुम्हाला शिकवायला नको. पण "मौज़ू" या शब्दाकडे लक्ष द्या. तकरीरीत मौज़ू म्हणजे विषय. प्रश्नमंजूषेत हदीसबद्दल, म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या नोंदींबद्दल, विचारताना मौज़ू म्हणजे बनावट, खोटी रचलेली हदीस. लिहायला अगदी एकच शब्द. "मौज़ू हदीस म्हणजे काय" या प्रश्नावर "विषयाला धरून असलेली हदीस" असं बाणेदार उत्तर मी ऐकलेलं आहे.

बैतबाजी म्हणजे शेरांच्या भेंड्या. समोरच्या चमूच्या शेराचं शेवटचं अक्षर घेऊन आपला शेर सुरू करायचा. मराठी शाळा इथे हमखास आपटतात, कारण अक्षर उर्दू लिपीतलं धरतात, कानाला ऐकू येतं ते नव्हे. शेर "है"वर संपला तर अक्षर ये. "में" किंवा "नहीं"वर संपला तर नून. "तो"वर संपला तर वाव. "का"वर संपला तर अलिफ. देवनागरीत शेर लिहून पाठ केलेलं मूल "में" ऐकून मचा शेर शोधत बसतं आणि वेळ संपतो. मुलांना उर्दू लिपी वाचता येत नसेल तरी शेवटच्या शब्दांचा एवढा तक्ता करून द्या, पंचवीस-तीस शब्दांत बहुतेक शेर बसतात. ड़े या अक्षराने उर्दूत शब्दच सुरू होत नाही, तेव्हा त्या जागी काय चालेल ते पंचांना सुरुवातीलाच विचारून घ्या.

सीरत म्हणजे पैगंबरांचं चरित्र. प्रश्नमंजूषेत ज्या जोड्यांत मुलं गोंधळतात त्या अशा. गज़वा म्हणजे ज्या मोहिमेत पैगंबर स्वतः होते ती, सरिय्या म्हणजे ज्यात नव्हते ती. मुहाजिर मक्केहून आलेले, अन्सार मदिनेतले मदत करणारे. सहाबी म्हणजे श्रद्धेने पैगंबरांना भेटलेला, ताबिई म्हणजे सहाबींना भेटलेला. सूरह म्हणजे अध्याय, ते ११४. पारा म्हणजे वाचनाच्या सोयीसाठी केलेले भाग, ते ३०. सनद म्हणजे हदीस सांगणाऱ्यांची साखळी, मतन म्हणजे मजकूर. सनावळीत हिजरी आणि इसवी यांची गल्लत फार होते. हिजरत (पैगंबरांचं मक्केहून मदिनेला जाणं) इ.स. ६२२ ची, बद्रची लढाई २ हिजरी, उहुदची ३, खंदकची ५, हुदैबियाचा तह ६, मक्काविजय ८. प्रश्न कुठल्या सनात विचारला आहे ते ऐकून मगच घंटा दाबायची. हिजरी वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं, म्हणून दोन सनांची नुसती वजाबाकी करून उत्तर निघत नाही.

तुमच्या संकोचाबद्दल शेवटचं. तुमच्या गावच्या मशिदीत संध्याकाळी मकतब (मुलांचा कुरआनचा वर्ग) भरत असेल. तिथल्या उस्तादांना शाळेत बोलवा आणि मुलांची किराअत चालू असताना तुम्ही मागे बसा. अरबी येण्याची गरज नाही. एका मुलाला सूरह इख्लास पढायला सांगा आणि चार दाल ऐकू येतात का ते मोजा. मग फलक आणि नास घ्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोण कुठे घसरतंय हे उस्तादांच्या आधी तुम्हाला ऐकू येईल, कारण घसरताना ही मुलं मराठीवर पडतात आणि मराठी तुमचा विषय आहे.